कोणी नळ उघडलेला नसतानाही शॉवरचा प्रेशर पंप आपोआप का सुरू होतो?

आपल्या प्रश्नावरून मला एवढे समजले: घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, गच्चीवरची टाकी शॉवरपासून जेमतेम सहा फूट उंच आहे, म्हणून दोन वर्षांपूर्वी आपण अर्ध्या अश्वशक्तीचा प्रेशर पंप बसवला, आता तो रात्रीसुद्धा दर पाच-दहा मिनिटांनी क्षणभर सुरू होऊन थांबतो, आणि आंघोळीच्या वेळी शॉवरचे पाणी हिसके देत येते. प्लंबरने पंपच बदलायला सांगितला आहे. तेवढी घाई करू नये, असे माझे मत आहे. जो पंप सुरू होतो, दाब चढवतो आणि दाब भरताच थांबतो, त्याची मोटर बहुधा ठीक असते. आपल्याकडे एक नव्हे, दोन वेगवेगळे दोष एकत्र आले असावेत, आणि दोन्ही पंपाच्या बाहेरचे आहेत.

पहिला दोष गळतीचा. पंप थांबल्यावर पुढच्या पाइपमध्ये दाब कोंडलेला राहतो. तो कुठून तरी हळूहळू उतरला की प्रेशर स्विच पंपाला पुन्हा चालू करतो. दाब कुठून उतरतो हे ओळखण्यासाठी पंप थांबताच घराकडे जाणारा बॉल व्हॉल्व्ह बंद करावा आणि दहा मिनिटे पंपाजवळच्या दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे पाहत बसावे. काटा जागचा हलला नाही, तर गळती घरात आहे. काटा उतरला, तर पाणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेतून) उलटे टाकीकडे जाते आहे किंवा पंपाजवळचा एखादा सांधा पाझरतो आहे. बोअरच्या पाण्याचा क्षार किंवा रेतीचा एखादा कण या व्हॉल्व्हच्या झडपेखाली अडकला तरी एवढे पुरते, आणि बहुतेक वेळा तो खोलून धुतल्यावर काम भागते.

माझ्या घरी हाच प्रकार झाला तेव्हा मी ही साधी चाचणी न करता दोन वेळा प्रेशर स्विच बदलून घेतला. शेवटी जिलबीत घालतात तो खाण्याचा केशरी रंग चिमूटभर घेऊन फ्लशच्या टाकीत टाकला आणि अर्धा तास कोणालाही फ्लश करू दिले नाही. कमोडच्या आतल्या भिंतीवरून केशरी रंगाची बारीक रेघ उतरताना दिसली. टाकीच्या तळाचा रबरी वॉशर कडक झाला होता. पूर्वी गच्चीवरच्या टाकीच्या दाबावरही ही गळती होतच असणार, पण तेव्हा तिची वर्दी द्यायला पंप नव्हता. फ्लश निर्दोष निघाला, तर गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाहावा; पाणी तापताना त्यातून थोडे थेंब पडणे स्वाभाविक आहे, गीझर बंद असतानाही पडत राहिले तर मात्र नाही.

दुसरा दोष, म्हणजे शॉवरचे हिसके, पंपाशेजारच्या छोट्या गोल प्रेशर टँकचा असावा. त्याच्या आत रबरी फुगा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून ही हवा उशीसारखी दाब सांभाळते. फुगा फाटला किंवा हवा निघून गेली की शॉवर उघडताच दाब एकदम कोसळतो, पंप लागताच एकदम चढतो, आणि स्विच सतत टकटक करत राहतो. टँकवरचे प्लॅस्टिकचे टोपण काढले की मोटरसायकलच्या किंवा कारच्या टायरला असतो तसा व्हॉल्व्ह दिसेल. त्याची पिन नखाने दाबावी. पाणी आले तर फुगा फाटला आहे, आणि तो किंवा टँक बदलण्याला पर्याय नाही. पाणी आले नाही तर आधी हवा भरून पाहावी: मेन स्विच बंद करावा, टाकीकडचा कॉक बंद करावा, घरातला एक नळ उघडून गेज शून्यावर आणावा आणि मग सायकलच्या पंपाने, प्रेशर स्विच ज्या दाबाला पंप चालू करतो त्याहून सुमारे 0.2 बार (बार हे दाबाचे एकक) कमी दाबाची हवा भरावी. पंप 1.5 बारला लागत असेल तर हवा 1.3 बार, म्हणजे टायरच्या गेजवर दिसणारे साधारण 19 पीएसआय. तुलनेसाठी सांगतो, शॉवरपासून सहा फूट उंचावर असलेल्या आपल्या टाकीतून नुसत्या उतारावर 0.2 बारसुद्धा दाब मिळत नाही.

पंप नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, असे कधी झाले, तर कपॅसिटर (मोटर फिरायला मदत करणारा विजेचा भाग) किंवा जाम झालेला इंपेलर (पाणी ढकलणारे आतले चाक) पाहावा लागतो. पण ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार शिल्लक राहू शकतो. सक्शनची, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूची, जाळी स्वच्छ आहे, पाइपमध्ये हवा अडकलेली नाही, सगळे नळ बंद आहेत आणि तरीही पंप बराच वेळ चालून काटा नेहमीच्या जागेपर्यंत चढत नाही, तेव्हा मात्र प्लंबरचे म्हणणे मान्य करावे.