ऑगस्टात, आणि तेही कोकणात?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू ग्रुपवर टाकलेला हेलियमचा मजकूर वाचला. १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, त्याने जिथून ग्रहण पाहिलं म्हणतात ते विजयदुर्गावरचे 'साहेबाचे कट्टे', आणि तळाला 'हेलियमचा शोध आपल्या किल्ल्यावर लागला!' शंभरावर बदाम आलेत. त्यात आता मी मिठाचा खडा टाकतोय, तर रागावू नकोस. वीस वर्षांपूर्वी हाच मजकूर मी स्वतः शाळेच्या फलकावर रंगीत खडूने लिहिला होता. मधल्या सुट्टीत मालवणकडचा एक पोरगा आला, फलक वाचला आणि म्हणाला, "सर, ऑगस्टात कोकणात सूर्य दिसतो कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रविवारपासून शोधायला लागलो.

ग्रहण खरं होतं. खग्रास पट्टा कोकणातून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा पूर्वेला गेला. फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. पटवर्धनांच्या जमखंडीत युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू दुर्बीण लावून बसला होता. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला होता, आणि गंमत म्हणजे त्याचंही पहिलं नाव नॉर्मनच. लॉकियर मात्र इंग्लंडात होता. ग्रहणाला दोन महिने उलटल्यावर, २० ऑक्टोबरला, त्याने भर उजेडात सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडून मिळणारा रंगांचा पट्टा, पाहिला. त्यात एक पिवळी रेघ होती. पॉगसनलाही ग्रहणात ती दिसली होती. ही रेघ सोडियमच्या जोडरेघांच्या अगदी शेजारी येते, पण त्यांच्यावर बसत नाही.

तुला ते 'शेजारी' म्हणजे काय हे बघायचं असेल तर गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाक. भपकन पिवळं होतं ना, तो सोडियम. त्याच्या रेघांची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, आणि लॉकियरची रेघ ५८७.५ वर. एवढ्याशा फरकावरून हा कुठलातरी नवाच पदार्थ आहे असं म्हणायला छाती लागते. तोच हेलियम. पृथ्वीवर हेलियम हाताला लागायला १८९५ उजाडलं. विल्यम रॅम्झेला तो युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत सापडला.

मग विजयदुर्ग या गोष्टीत आला कुठून? लॉकियर तिथे खरोखरच आला होता, पण तीस वर्षांनी! २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेल्पोमीनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते, दुर्बिणी-कॅमेऱ्यांवर त्यांनाच उभं केलं होतं. 'विझियाद्रुग' असं नाव मथळ्यात घेऊन त्याचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. जानेवारीतलं कोकण म्हटल्यावर आमच्या मालवणच्या पोराचीही हरकत राहत नाही.

म्हणजे तुझा मजकूर साफ खोटा नव्हता. दोन खऱ्या गोष्टींची खिचडी होती, आणि अशी खिचडी निवडायला फार वेळ लागतो. धादांत थाप लगेच ओळखू येते. म्हणून पुढच्या वेळी काही टाकण्याआधी निदान एवढं बघ, की तो माणूस त्या दिवशी त्या गावात होता का, आणि त्या महिन्यात तिथे हवा कशी असते. अर्धे मजकूर इथेच गळतात. 'आपल्या' हा शब्द दिसला की मी तर आता आधी चष्मा पुसतो.

आणि असं खणताना हाताला जे लागतं ते मूळ मजकुरापेक्षा मजेशीर असतं, हा माझा तरी अनुभव आहे. लॉकियरच्या मागे लागलो म्हणून मला जेऊर सापडलं. करमाळा तालुक्यातलं, सोलापूरच्या गाडीत आपण झोपेत मागे टाकतो ते. १८९८ च्या त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी नायगमवाला तिथे तळ ठोकून होते, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही तिथेच. यावर कुणी मजकूर फिरवल्याचं मी पाहिलेलं नाही. तू लिही. पण एका वेळी एकच गोष्ट लिही, फोटो कुणाचा ते सांग, आणि तिरंगा नाही लावलास तरी चालेल.

जुना मजकूर काढून मात्र टाकू नकोस. त्याखालीच दुरुस्ती लिही. मी फलक पुसून टाकला होता, ते अजून खटकतं. त्या पोराचं नाव तिथे लिहायला हवं होतं.

दिवाळीनंतर जेऊरला एक चक्कर टाकायचा विचार आहे. येणार असशील तर कळव, तिकिटं एकदमच काढतो.

तुझा,
काका