शतकांच्या रकान्यात नसलेले दोन डाव

भुसावळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेखातला, सुनील गावसकर आणि गुंडप्पा विश्वनाथ या फलंदाजांची तुलना करणारा तक्ता आणि त्याखालचा तो एकच प्रश्न काल रात्री पुन्हा वाचला: ‘सर, आकडे गावसकरांच्या बाजूने असताना मला विश्वनाथ थोर वाटतात, म्हणजे माझेच काही चुकते का?’ तक्ता बिनचूक आहे. गावसकर १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतके, सरासरी ५१.१२, विश्वनाथ ९१ कसोटी, ६,०८० धावा, १४ शतके, सरासरी ४१.९३. परंतु आधी धावफलक वाचायचा आणि मग सरासरीकडे वळायचे, हा क्रम तू उलटा केलास.

जानेवारी १९७५ मधली मद्रास कसोटी घे. बोटाच्या दुखापतीमुळे गावसकर संघात नव्हते, वेस्ट इंडिजच्या अँडी रॉबर्ट्सने ६४ धावांत ७ गडी टिपले, भारताचा पहिला डाव १९० धावांत आटोपला आणि त्यांतल्या ९७ धावा करून विश्वनाथ नाबाद राहिले. आम्ही तेव्हा मळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत होतो. शेवटची जोडी खेळपट्टीवर असताना ट्रान्झिस्टरपासून कोणी हलेना, त्यामुळे वांगी एका अंगाने पार कोळसा झाली आणि दुसऱ्या अंगाने कच्चीच राहिली. तो सामना भारताने १०० धावांनी जिंकला. तुझ्या तक्त्यात शतकांच्या रकान्यात हा डाव कुठे आहे?

आता दुसरे टोक. मार्च १९८७, बंगळूर, गावसकरांची अखेरची कसोटी. चेंडू हातभर वळत होता, जिंकायला २२१ हव्या होत्या, आणि पाकिस्तानचे फिरकी गोलंदाज इक्बाल कासिम व तौसीफ अहमद यांच्यासमोर ते ९६ पर्यंत पोहोचले. भारत १६ धावांनी हरला. हाही डाव शतकांच्या रकान्यात नाही. दोघांच्या कलेचा कस ज्या डावांत लागला, नेमके तेच डाव तुझ्या रकान्यांतून गळले आहेत, आणि तू मात्र ३४ मधून १४ वजा करत बसला आहेस! म्हणून सांगतो, आधी धावफलक वाच.

तो वाचलास की तुझ्या आवडत्या फलंदाजावर मेहेरनजर करायची गरजही उरणार नाही. एक जण नव्या चेंडूसमोर सलामीला उतरत असे आणि त्याने वेस्ट इंडिजविरुद्ध १३ शतके केली. दुसरा बहुधा चौथ्या क्रमांकावर येई. १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला ४०३ धावांचा पाठलाग झाला, त्यात गावसकर १०२ आणि विश्वनाथ ११२. तिथे सरस कोण, हे दहा धावांच्या फरकावरून ठरवणार का? आणि १९८० च्या मुंबई कसोटीत पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला कर्णधार विश्वनाथांनी परत बोलावल्याचा प्रसंग तू तळटीपेत घातला आहेस, तो काढून टाक. मनाचा मोठेपणा फलंदाजीच्या खात्यावर जमा करू नये. मलाही तो प्रसंग प्रिय आहे, तरीही काढ.

माझ्या आवाजाला धार का चढते, ते तुला ठाऊक नाही. ऐंशीच्या दशकात एका निवडीसाठी माझ्यासमोर चाळीस नावांचा कागद होता. यावलकडच्या एका पोराची सरासरी एकतीस होती, दुसऱ्या एकाची बावन्न. त्या एकतीसमध्ये ओल्या मॅटिंगवर, म्हणजे खेळपट्टीवर खिळ्यांनी ठोकलेल्या चटईवर, संघ ८१ धावांत बाद होत असताना केलेल्या ३८ धावा होत्या. मॅटिंगचे खिळे एका बाजूने सुटले होते आणि चेंडू जोडावर पडला की छातीपर्यंत उसळत होता. मला हे ठाऊक होते, कारण त्या दिवशी स्कोअरबुक मीच लिहीत होतो. तरीही मी बावन्नवर खूण केली. कागद संध्याकाळच्या गाडीने पाठवायचा होता, बाकीच्या दोघांनी सह्या केल्या होत्या, आणि ज्याला घेतले तो पोरगाही काही वाईट नव्हता. पुढे तो बरा खेळला. हे सारे खरेच आहे. पण यावलचा तो मुलगा पुन्हा चाचणीला आला नाही. काही वर्षांनी सावदा स्टेशनवर केळीच्या वॅगनजवळ दिसला, तेव्हा त्याने मला ओळखले, नमस्कार केला आणि पाठ फिरवून पुन्हा माल मोजू लागला.

तर लेख नव्याने लिही. दोघांचे प्रत्येकी पाच डाव निवड, आणि प्रत्येकाखाली गोलंदाज कोण, खेळपट्टी कशी, समोरच्या टोकाला किती गडी पडले, हे आधी लिही. सरासरी शेवटच्या ओळीत आली तरी चालेल. त्यानंतरही गावसकर सरस ठरले तर तसेच लिही, मला राग येणार नाही. येईल, पण तू लिही.

रविवारी सकाळच्या गाडीने ये. ते स्कोअरबुक अजून माझ्या कपाटात आहे, त्या ३८ धावांचे पान दाखवतो.

तुझा,
सर