ऑनलाइन अर्ज, तरी बारा दिवस

प्रश्न : आमच्या विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचे (सगळ्या परीक्षांच्या गुणांच्या एकत्रित दाखल्याचे) अर्ज वर्षभर ऑनलाइन घेतो. तरी विद्यार्थ्याला बारा दिवस थांबावं लागतंच. सॉफ्टवेअर बदलावं का?

उत्तर : नको. जुनीच वाट पडद्यावर आली आहे, एवढंच झालंय. आधी निकाली निघालेले पंचवीस-तीस अर्ज काढा. प्रत्येक अर्ज कोणत्या टेबलावर कधी आला, कधी सुटला, हे तारीख-वेळेसकट मांडा. प्रत्यक्ष काम बहुधा तासाभराचंच निघेल, बाकी दिवस अर्ज नुसता पडून. हिशेब सरळ आहे : 240 अर्ज साचलेले आणि रोज 20 निकाली निघत असतील, तर सरासरी 12 दिवस लागणारच.

मग एकेक सही धरा. आधीच्या माणसाने न तपासलेलं असं हा काय तपासतो? ‘साहेबांना माहीत असावं’ एवढंच उत्तर आलं, तर सही काढा, आठवड्याला यादी पाठवा. ना-देय दाखल्याचंही (काही थकबाकी नाही, या दाखल्याचंही) तसंच. ग्रंथालय, वसतिगृह, लेखा अशी अर्जाची वारी कशाला? त्या विभागांनी थकबाकीदारांची यादी रोज अद्ययावत ठेवावी. यादीत नाव नाही, तर अर्ज थेट पुढे.

व्यवस्थापनतज्ज्ञ मायकल हॅमर यांनी 1990 मध्ये फोर्ड कंपनीच्या, पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या विभागाचं उदाहरण दिलं होतं. खरेदी आदेश, माल-पावती आणि बिल यांतल्या 14 बाबी जुळवण्यात माणसं गुंतायची. फोर्डने जुळवणीचा वेग वाढवला नाही, बिलच काढून टाकलं. जुळवायच्या बाबी उरल्या तीन.

तुमच्याकडे न जुळणारी बाब बहुतेक विद्यार्थ्याचं नाव असेल. प्रवेशाच्या नोंदीत एक स्पेलिंग, परीक्षेच्या नोंदीत दुसरं, की अर्ज उलट फिरला! ही दुरुस्ती ट्रान्सक्रिप्टच्या टेबलावर करू नका. पहिल्या परीक्षेच्या अर्जाआधीच विद्यार्थ्याकडून नाव पक्कं करून घ्या आणि पुढे सगळीकडे तीच एक नोंद वापरा.

ज्यांच्या नोंदी जुन्या हस्तलिखित रजिस्टरात शोधाव्या लागतात, ते अर्ज वेगळ्या रांगेत लावा, नाहीतर एकापायी मागचे वीस अडकतात.

नवी पद्धत आधी एकाच विभागात, दोन-तीन आठवडे चालवा. निकालाच्या धामधुमीत मुळीच नको. आणि जुनी वही बंद करण्याची तारीख आधीच जाहीर करा. दोन्ही चालू राहिल्या, तर लोक वहीवरच विसंबतात आणि पडद्यावरची नोंद संध्याकाळी एकगठ्ठा भरतात.