घर, नोकरी, मांजर सांभाळून कथा कशी लिहावी? घरच्या माणसांवर लिहिलं तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी सासूबाई, नवरा, दुसरीतला मुलगा आणि एक मांजर. नोकरी आहे. यंदा दिवाळी अंकासाठी एक कथा लिहायची आहे, पण सलग वेळ मिळत नाही, आणि लिहायला बसलं की घरातलीच माणसं कागदावर येतात. ते घरच्यांना चालेल का? आणि मांजराची गोष्ट मोठी माणसं वाचतात का?

आधी वेळेचं बघू, ते लवकर संपतं. सलग दोन तास मिळाले की लिहीन, हा बेत सोडून द्या. तुमच्या घरात वीस मिनिटं मिळतात, तेवढीच धरायची. वीस मिनिटांत हाताने सव्वाशे ते दीडशे शब्द होतात. आठवड्याचे पाच दिवस धरले तर साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे चार आठवड्यांत अडीच हजार शब्दांचा कच्चा खर्डा. पहिल्या कथेला अडीच ते तीन हजार शब्द पुरे होतात. वरण-भाताचा कुकर बंद केल्यापासून झाकण निघेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं यासाठी उत्तम. शिट्ट्या चालू असताना मात्र लिहू नका. एकतर शिट्ट्यांचा हिशेब चुकतो, नाहीतर वाक्याचा.

तुटक वेळात लिहिताना एक चूक जवळपास सगळे करतात: दर वेळी पहिल्या पानापासून वाचत येतात. वीसपैकी बारा मिनिटं वाचण्यात जातात, वाचता वाचता पहिल्या परिच्छेदातला एक शब्द खुपतो, तो बदलला जातो आणि बेल वाजते. महिन्याभराने पहिलं पान घासून गुळगुळीत झालेलं असतं आणि शेवट लिहिलेलाच नसतो. त्यापेक्षा उठताना वाक्य अर्धवट सोडा आणि त्याखाली पुढे काय येणार ते चार शब्दांत टिपा: ‘सासू दार लावते, मांजर आत’. पुन्हा बसल्यावर शेवटच्या पाच ओळी आणि ही टीप, एवढंच वाचायचं. खोडायचं असेल ते दुसऱ्या खर्ड्यात.

फोनवर बोलून टाइप करण्याची सोय आहे, ती संवादांसाठी कामाची आहे. पण त्यात विरामचिन्हं येत नाहीत किंवा भलत्याच ठिकाणी येतात, ‘न’ आणि ‘ण’ची अदलाबदल होते, आणि निवेदन बोलून लिहिलं की ते भाषणासारखं पसरतं. संवाद बोलून, निवेदन हाताने, अशी वाटणी मला बरी वाटते.

आता खरा प्रश्न. घरची माणसं कथेत येणारच, ती अडवता येत नाहीत. पण अख्खा माणूस उचलू नका. त्याचा हात उचला, त्याचं एक वाक्य उचला. सासूबाईंचा स्वभाव, त्यांचं माहेर, त्यांचा गुडघा आणि त्यांची बँकेतली ठेव हे सगळं एकत्र कथेत आलं तर ते चरित्र होतं, तेही त्यांना न विचारता लिहिलेलं. त्या मेथी निवडताना काड्या मोडून एका बाजूला रचतात आणि राग आला की तीच जुडी पुन्हा निवडतात, एवढंच घेतलंत तर ते तुमचं झालं. ते हात दुसऱ्याच बाईला द्या. ती बाई निवृत्त नर्स असू दे, चिपळूणला राहू दे, तिला दोन मुली असू देत.

बदल करताना नुसतं नाव बदलून भागत नाही. किमान तीन गोष्टी हलवा: गाव, व्यवसाय आणि नात्यांची मांडणी. आपल्याकडे आडनाव फार बोलतं. ‘कर’ लावलं की गाव कळतं, बरेचदा जातही कळते, आणि वाचक तिथून माणूस शोधायला लागतो. पहिल्या नावालाही वय असतं. सत्तरीतल्या बाईचं नाव सुमन, कुसुम, शालिनी असेल तर वाचक थांबत नाही. तिला आर्या म्हटलंत तर पहिल्याच ओळीला अडखळतो. तुमच्या नायिकेचा जन्म 1985चा असेल तर त्या वर्षाच्या आसपास शाळेच्या पटावर कोणती नावं होती ते आठवा आणि त्यातलं दुसरं-तिसरं आठवलेलं घ्या. पहिलं आठवलेलं बहुधा मैत्रिणीचं असतं.

आजारपण, पैसा, मोडलेलं लग्न आणि मुलाची शाळा या चार बाबतींत कितीही बदल केलेत तरी आधी विचारा, किंवा लिहू नका. बाकीच्यासाठी परवानगी मागत फिरू नये असं माझं मत आहे. मागितली की माणूस सावध होतो आणि तुमच्यासमोर मेथीसुद्धा नीट निवडत नाही. आणि गंमत अशी की ज्याच्यावर लिहिलंय त्याला बहुतेकदा पत्ताच लागत नाही. भलताच एखादा नातेवाईक स्कूटरच्या रंगावरून ‘हा मीच’ म्हणून रुसून बसतो. म्हणून वाहन, कुत्र्याचं नाव, फ्लॅटचा मजला हे किरकोळ तपशील शेवटी एकदा तपासून बदलून टाका.

घरातून घ्यायची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बोलणं. एक वही करा. रोज पाच ओळी, त्यात एक वाक्य जसंच्या तसं. अर्थ लिहू नका, शब्दच लिहा. उदाहरणार्थ ‘राहू दे’. मराठी घरात या दोन शब्दांना निदान चार अर्थ असतात. तू दमलीस, मी करते. तुला जमायचं नाही. माझ्या वस्तूला हात लावू नकोस. आणि चौथा, मला आता काही नको. नवखा लेखक लिहितो:

“राहू दे,” सासूबाई नाराजीने म्हणाल्या.

यात ‘नाराजीने’ने सगळं काम स्वतःच उरकलं, वाचकाला काही उरलं नाही. त्याऐवजी:

तिने पोळपाट ओढला. “राहू दे,” म्हणत सासूबाईंनी लाटणं उचललं, पदराने पुसलं आणि पुन्हा पुसलं.

दुसऱ्यांदा पुसण्यात नाराजी आली. क्रियाविशेषण गेलं आणि मजकूर नऊ शब्दांनीच वाढला. खर्ड्यातली ‘रागाने’, ‘प्रेमाने’, ‘उपहासाने’ अशी सगळी क्रियाविशेषणं पेन्सिलीने अधोरेखित करा. दहांतल्या सातांच्या जागी हाताची एखादी हालचाल बसते. उरलेली तीन राहू द्या, नाहीतर सगळी पात्रं सारखी भांडी घासत बसतील.

तसंच अहो-अगं-अरेचं. सून सासूला ‘अहो आई’ म्हणते की नुसतं ‘आई’, नवऱ्याला नावाने हाक मारते की ‘अहो’ म्हणते, हे पहिल्या प्रसंगातच ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. मग एकदाच मोडा. एरवी नवऱ्याला ‘अरे’ म्हणणारी बाई एका ओळीत ‘तुम्ही’ म्हणाली तर भांडणाचं वर्णन करावं लागत नाही. पण त्याआधी चुकून दोनदा ‘तुम्ही’ येऊन गेलं असेल तर ती ओळ वाया जाते. निवेदनाचंही ठरवा, ‘केलं, गेलं’ की ‘केले, गेले’. दोन्ही चालतं, मिसळ चालत नाही. पात्रांच्या तोंडी मात्र ‘केलं’च, सासूबाई स्वयंपाकघरात ‘मी वरण केले आहे’ असं बोलत नाहीत. आणि दुसरीतला मुलगा बोबडं बोलत नाही. सात वर्षांचं पोर स्वच्छ बोलतं, फक्त भलत्या वेळी भलतं विचारतं.

मांजर. मोठी माणसं मांजराची गोष्ट आवडीने वाचतात, पण ज्यांनी मांजर पाळलंय ती फार कडक वाचतात. ‘मनी आनंदाने शेपूट हलवत दूध पिऊ लागली’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. शेपूट आनंदाने हलवतो तो कुत्रा. मांजराची शेपटी फटाफट आपटायला लागली तर ते वैतागलेलं असतं. ओळखीच्या माणसाकडे येताना ती सरळ वर असते, बरेचदा टोक किंचित वाकलेलं. आणि दूध: मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. साखर घातलेलं दूध लाडाने प्यायली हेही लिहू नका, मांजराला गोड चव कळतच नाही. घुरघुरणं म्हणजे नेहमी सुख असं नाही. दुखतंय किंवा भीती वाटतेय तेव्हाही मांजर घुरघुरतं. हे कथेत वापरता येतं. सगळं घर ‘बघा कशी खूश आहे’ म्हणतंय आणि एकटी आजी म्हणते, हिला डॉक्टरकडे न्या.

वेळांचे हिशेबही सांभाळा. गाभण मांजर साधारण नऊ आठवड्यांनी वितं. पिल्लांचे डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. म्हणजे गणपतीत बोका अंगणात आला आणि दसऱ्याला पिल्लं घरभर धावतायत, असं होऊ शकत नाही. आई पिल्लांना मानगुटीला धरून जागा बदलत राहते, सात घरं फिरवते म्हणतात ते त्यावरूनच. तेव्हा कपाटातली पिल्लं एका सकाळी गायब होणं हा चांगला प्रसंग आहे आणि खराही. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चळवळं असतं, दुपारभर झोपतं. दुपारच्या प्रसंगात ते उड्या मारत असेल तर कारण द्या.

मराठीत एक व्याकरणाची भानगड आहे. ते मांजर, ती मांजर, तो बोका, ती भाटी. निवेदक ‘ते’ म्हणत असेल तर त्याला त्या जनावराशी देणंघेणं नाही. ‘ती’ म्हणायला लागला की ते घरातलं झालं. एखाद्या पात्राचा हा बदल कथेच्या मध्यावर, कुठलीही टिप्पणी न करता घडवता येतो. कुत्र्याचंही तेच: कुत्रं, कुत्रा, मग शेवटी त्याचं नाव.

शेवटी मांजर मारू नका. रडवण्याची ती सगळ्यात स्वस्त युक्ती आहे आणि संपादकांच्या टेबलावर अशा कथा पुष्कळ असतात. दुसरी, जरा कमी दिसणारी चूक: मांजर पहिल्या पानावर येतं आणि मग विसरलं जातं. घरातले सगळे चार दिवस गावाला गेले तर त्याला खायला कोण घालतंय, याचं उत्तर एका ओळीत तरी हवं. बरेचदा त्या एका ओळीतच शेजारीण सापडते आणि कथा सापडते.

खऱ्या मांजराची तक्रार तुम्ही केली आहे, ती वहीवर बसते अशी. तिला उठवून उपयोग नाही. बसायच्या आधी दहा मिनिटं दोरीने खेळवा, मग खायला द्या. खेळ, खाणं, अंग चाटणं, झोप हा तिचा क्रम असतो. टेबलाशेजारी खुर्चीवर पुठ्ठ्याचा खोका ठेवा, आत तुमचा जुना सुती कपडा. दोरी आणि पानांना लावलेलं रबर खेळ झाल्यावर ड्रॉवरमध्ये टाका. दोरा किंवा रबर गिळलं तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

आता कथेची बांधणी, थोडक्यात. रोजच्या जगण्यावरच्या कथेत नेहमी हेच अडतं की काही घडत नाही, नुसतं वर्णन होतं. मोठी घटना नको, पण एक छोटी गोष्ट अशी बदलावी की ती परत पहिल्यासारखी करता येणार नाही. समजा सासूबाई मांजराला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. चार प्रसंग, प्रत्येकी सहाशे शब्द. पहिल्यात त्या तिला हाकलतात. दुसऱ्यात सून आजारी, घरात दोघीच, म्हणजे सासूबाई आणि मांजर. तिसऱ्यात दूधवाल्याकडून अर्धा लिटर जास्त घेतलं जातं आणि कोणी का ते विचारत नाही (हो, दूध, घरातल्या माणसांना पचन माहीत नसतं, निवेदकाला असावं). चौथ्यात सून बरी होऊन स्वयंपाकघरात येते, सवयीने मांजराला हाकलते आणि सासूबाई म्हणतात, “राहू दे.” तिथे थांबायचं. त्यापुढे ‘तिच्या डोळ्यांत पाणी आलं’ लिहिलंत की गेलं सगळं.

खर्डा झाला की दोन आठवडे बघू नका. मग मोठ्याने वाचा. अडीच हजार शब्दांना वीसेक मिनिटं लागतात. जीभ जिथे अडखळते तिथे खूण करा, तेवढंच दुरुस्त करा. 1909मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मासिक मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि संपादकांची घाई दिवाळीच्या बरीच आधी सुरू होते. मे महिन्यात लिहायला घेतलंत तर जुलैच्या मध्यापर्यंत पाठवून होईल. ऑगस्टच्या अखेरीस पाठवलेली चांगली कथाही जागा भरली म्हणून परत येते.

पाठवताना युनिकोडमधली वर्डची फाइल द्या, वहीच्या पानांचे फोटो नकोत. वर नाव, फोन, शब्दसंख्या. एकाच वेळी दोन अंकांना एकच कथा पाठवू नका. आधी फेसबुकवर टाकली असेल तर ते सांगा, बरेच संपादक ती प्रकाशित झालेली धरतात. मानधनाचं विचारायला लाजू नका, पण स्वीकार कळल्यावर विचारा. दीड-दोन महिने उत्तर आलं नाही तर एकदाच, दोन ओळींचं स्मरणपत्र लिहा. आणि फाइलचं नाव ‘कथा-अंतिम-अंतिम-2’ ठेवू नका. कथेचं नाव आणि तारीख पुरे. नाहीतर एक दिवस जिच्यात सासूबाईंचं खरं नाव राहून गेलंय तीच फाइल जाते.