दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या तोफा खरंच चुकीच्या दिशेला रोखलेल्या होत्या का? किनाऱ्यावरच्या तोफखान्यांचा युद्धात काही उपयोग झाला का?

बहुतेक तोफा वळत होत्या, आणि उपयोगही झाला. हे मला मुलीच्या साखरपुड्यातच सांगायचं होतं. बोलू दिलं नाही.

कार्यक्रम अमळनेरला, आमच्याच अंगणात. वरण-बट्टीची पंगत बसलेली. व्याही अलिबागकडचे. कुलाबा किल्ल्यावरून विषय निघाला आणि ते म्हणाले, "सिंगापूरला इंग्रजांनी सगळ्या तोफा समुद्राकडे रोखल्या, जपानी आले मागून. नुसती पैशाची नासाडी!" मी "तसं नाही हो" म्हणेपर्यंत ते म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी, खान्देशात समुद्र कुठला?" पंगत हसली. मोठ्या भावाने माझा गुडघा दाबला. मुलीच्या बापाने वाद घालायचा नसतो म्हणे! हायस्कूलमध्ये आयुष्यभर इतिहास शिकवला आणि स्वतःच्या अंगणात गप्प बसलो.

तर ऐका. १५ इंची तोफा पाच होत्या. त्यातल्या जोहोर बॅटरी या तोफखान्याने जमिनीकडे मारा केलाही. घात गोळ्यांनी केला. ते जहाजाचं पोलाद भेदण्यासाठी बनवलेले, जमिनीत खोल रुतायचे, पायदळाचं फारसं बिघडायचं नाही. जपानी ८ डिसेंबर १९४१ ला मलायातल्या (आजचा मलेशिया) कोटा भारूला उतरून जमिनीवरून खाली आले, १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर शरण गेलं. समोरून यायची हिंमत कोणी केली नाही, त्यात तोफांचा वाटा होताच. ही नासाडी?

नॉर्वेत ९ एप्रिल १९४० ला ऑस्कार्सबोर्ग किल्ल्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या तोफांनी आणि टॉर्पेडोंनी ब्ल्यूशर ही कोरी जर्मन क्रूझर बुडवली. ऑस्लो त्याच दिवशी पडलं, पण राजा आणि मंत्रिमंडळ निसटलं. किनाऱ्यावरच्या तोफांनी एवढा वेळ मिळवून दिला की त्यांचं काम झालं.

मागची बाजू उघडी राहिली किंवा चहूकडून वेढा पडला की कुठलाही किल्ला जातो. बराच काळ वेढा पडलेला आसिरगड १६०१ मध्ये अकबराच्या हाती गेला, हे आम्ही खान्देशातली माणसं विसरत नाही. विजयदुर्ग १७५६ मध्ये पडला तेव्हा समोर इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार होतं आणि जमिनीकडून पेशव्यांची फौज. हे कोकणच्या माणसाला मी सांगायचं?

अभ्यास करायचा असेल तर नकाशात किल्ल्यामागचा रस्ता आधी शोधा. आणि सांगणाऱ्याचं गाव विचारत बसू नका.

एक मात्र खरं, सिंगापूरच्याच बुओना व्हिस्टा या दुसऱ्या तोफखान्याच्या दोन १५ इंची तोफा जमिनीकडे वळत नव्हत्या. तेवढ्यापुरते व्याही बरोबर. गुडघा दाबला नसता तर हेही मी त्यांना तिथेच सांगितलं असतं.