ब्रिटनमध्ये मे महिन्यात दोन सोमवारी बँक हॉलिडे का असतो, आणि ती सुट्टी हक्काची असते का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कामगार दिन १ मेला असताना इंग्लंडमध्ये सुट्टी पहिल्या सोमवारी का, शेवटच्या सोमवारची सुट्टी कशाची, आणि त्या दिवशी कंपनी कामावर बोलावू शकते का.

शेवटच्या सोमवारचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. १८७१ मध्ये जॉन लबक या बँकर खासदाराने बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला. त्यातली खरी तरतूद व्यापाराची होती: त्या दिवशी मुदत भरणाऱ्या हुंडीचे पैसे दुसऱ्या दिवशी दिले तरी चालतील. त्यामुळे बँका निर्धास्तपणे बंद ठेवता आल्या आणि बँका बंद म्हटल्यावर हळूहळू बाकीचे व्यवहारही थांबू लागले. या यादीत व्हिट मंडे, म्हणजे पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणाऱ्या ख्रिस्ती सणानंतरचा सोमवार होता. तो ईस्टरवर अवलंबून, त्यामुळे ११ मे ते १४ जून यांत कधीही यायचा. १९७१ च्या कायद्याने त्याऐवजी मेचा शेवटचा सोमवार कायम केला आणि सणाचं नावही गेलं.

पहिल्या सोमवारची कथा जास्त वळणांची आहे. १ मे हा इंग्लंडात मुळात वसंताचा लोकोत्सव. गावात मेपोल, म्हणजे सजवलेला उंच खांब, उभारून नाचायची प्रथा प्युरिटनांना, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांना, पसंत नव्हती, म्हणून १६४४ मध्ये पार्लमेंटने मेपोलवर बंदी घातली. १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर ते पुन्हा उभे राहिले. बँक ऑफ इंग्लंडने १८३४ मध्ये संतांच्या नावाच्या भरमसाट सुट्ट्या छाटून चारच ठेवल्या, त्यांत १ मे होता. लबकच्या कायद्यात मात्र इंग्लंडसाठी तो नव्हता. स्कॉटलंडला मेचा पहिला सोमवार त्याच कायद्याने मिळाला होता, हे बहुतेकांना माहीत नसतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही सुट्टी १९७८ मध्ये लेबर सरकारने सुरू केली. त्या वर्षी १ मे सोमवारीच आला होता. कामगार दिनाचा हेतू उघड होता, पण तारखेऐवजी सोमवार धरला, कारण आठवड्याच्या मध्येच काम बंद पडत नाही आणि जोडून तीन दिवस मिळतात.

कामगार दिनाची सुट्टी म्हणूनच हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला ती कायम खुपत आली. २०११ मध्ये ती ऑक्टोबरात न्यायचा विचार झाला, तो बारगळला. मात्र युरोपातलं दुसरं महायुद्ध संपल्याच्या स्मरणासाठी ती दोनदा हलवली: १९९५ मध्ये सोमवार ८ मे, २०२० मध्ये शुक्रवार ८ मे. दुसऱ्या खेपेला घोषणा जून २०१९ मध्ये, म्हणजे बरीच कॅलेंडरं छापून झाल्यावर आली. तेव्हा तिकिटं काढण्याआधी त्या वर्षीची सरकारी यादी पाहाच.

आता हक्काचं. बँक हॉलिडेला पगारी सुट्टी मिळालीच पाहिजे असा कायदा नाही. करारात तसं असेल तर कंपनी बोलावू शकते. कायदा देतो तो वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजेचा हक्क: आठवड्याला पाच दिवस काम असेल तर २८ दिवस, तीन दिवस असेल तर १६.८. या २८ मध्ये बँक हॉलिडे धरायची कंपनीला मुभा आहे. म्हणून करारात '२८ दिवस, बँक हॉलिडेसह' लिहिलंय की '२८ दिवस अधिक बँक हॉलिडे', हे नीट वाचा. इंग्लंडात एरवी आठ दिवसांचा फरक पडतो.

सर्वांत जास्त घोळ 'वीस दिवस अधिक बँक हॉलिडे' या करारात होतो, तोही रजेचं वर्ष एप्रिल ते मार्च असेल तर. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात गुड फ्रायडे आलाच नाही, कारण २०२४ चा २९ मार्चला होऊन गेला होता आणि २०२५ चा १८ एप्रिलला होता. बँक हॉलिडे सातच, एकूण रजा २७. ती कायद्यापेक्षा कमी, म्हणून एक दिवस वाढवून मागायचा हक्क कर्मचाऱ्याला होता. एचआरला असं लिहिताना आपल्या रजावर्षातल्या बँक हॉलिडेंच्या तारखा एकेक करून द्या.