"माझ्या दुधातच कस नाही का हो?"

तिने पर्समधून काढलेला रिपोर्ट घडी घालून घालून मऊ पडला होता. मांडीवर अकरा महिन्यांचं गुटगुटीत बाळ. 'ड' जीवनसत्त्व रक्ताच्या एका मिलीत 9 नॅनोग्रॅम. 12 च्या खाली गेलं की कमतरता धरतात, 20 च्या वर असेल तर पुरेसं. मनगटं थोडी रुंद झालेली, म्हणजे मुडदुसाची, हाडं मऊ पडण्याच्या आजाराची, सुरुवात. बालरोगतज्ज्ञांनी बारा आठवड्यांचं औषध लिहून दिलं होतं. माझ्याकडे पाठवलं ते तिचं रडू थांबेना म्हणून.

"रोज सकाळी साडेसातला कोवळ्या उन्हात घेऊन बसते मी. तरी असं कसं? सासूबाई म्हणतात, माझ्या दुधातच कस नाही."

हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलं आहे की आता आधी त्याच्याबद्दलच बोलते. आईच्या दुधात 'ड' कमीच असतं, आई कितीही चांगलं खात असली तरी. दूध उत्तमच आहे, ते चालूच ठेवायचं. पण 'ड' त्यातून पुरत नाही, म्हणून तर बाळाला पहिलं वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब द्यायला सांगतात.

"थेंब दिले होते ना?"

"तिसऱ्या महिन्यात बाटली संपली. बाळ छान वाढत होतं, मग परत आणलीच नाही."

मग विचारलं, उन्हात बसता ती जागा कोणती? हडपसरचा फ्लॅट, समोर दुसरी इमारत, आणि कबुतरांच्या त्रासामुळे बाल्कनीला काचा लावलेल्या. काचेतून ऊब येते, पण कातडीत 'ड' तयार करणारे किरण काच अडवते. शिवाय साडेसातचं ऊन तिरपं, त्यात ते किरण जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन खरं कामाचं, पण त्या उन्हात तान्ह्या बाळाला धरून बसा असं मी कधीच सांगणार नाही. थेंबांचं काम इथेच येतं. त्यात हे बाळ चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं. आईकडून मिळणारा साठा शेवटच्या आठवड्यांत भरतो, तो त्याला पुरता मिळालाच नव्हता.

पुढच्या वेळी आजींना मुद्दाम बोलावलं. "आमच्या वेळी कुठे होते थेंब?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्याकडे अंगण होतं आजी, आणि तुम्ही स्वतः दिवसभर शेतात उन्हात असायचात. त्या गप्प झाल्या, मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "ही तर नऊ महिने एसीतच कामाला होती." आवाजात राग नव्हता. मला फार बरं वाटलं.

बाळाच्या बाबांचा प्रश्न मात्र धोक्याचा होता. घरात त्यांची स्वतःची 'ड'ची 60,000 युनिटची पुडी आहे, त्यातलं चिमूटभर दिलं तर? अजिबात नको. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडांना इजा होते. थेंबांच्या बाटल्याही दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलीत 400 किंवा 800 युनिट. म्हणून बाटली बदलली की लेबल वाचायचं आणि डॉक्टरांना विचारायचं.

उठता उठता मी तिला विचारलं, "तुमचं स्वतःचं 'ड' तपासलंत का?" नव्हतं तपासलं. आजींनीच तिच्या हातातून फाईल घेतली आणि म्हणाल्या, "हिचीही चिठ्ठी लिहून घेऊ. बाळाचे थेंब आता मी देते रोज, आंघोळ झाली की."